मुख्यमंत्र्यांना जाब कोण विचारतं?

  कोणी शेतातून येऊन टेकलं असेल, कोणी चुलीपाशी असेल, कोणी गटाच्या बैठकीत रेडिओ मधोमध ठेवून बसलं असेल. जिथे असाल तिथून ऐका.

आजचा विषय तुम्हीच दिलेला आहे. ग्रामसंघाच्या बैठकांमधून एक प्रश्न वेगवेगळ्या गावांतून आमच्याकडे आला. बाया म्हणतात, सरपंचाला आम्ही ग्रामसभेत विचारतो. ग्रामसेवकाला विचारतो. गटात अध्यक्षताईंना हिशोब विचारतो. पण मुख्यमंत्र्यांना कोण विचारतं? पंतप्रधानांना कोण विचारतं? ते तर सगळ्यांत वर. त्यांच्या वर कोण?

प्रश्न चांगला आहे, आणि त्याचं उत्तर राज्यघटनेत लिहिलेलं आहे. ते उत्तर आज आपण समजून घेऊ. आणि त्यात आपली जागा कुठे आहे, तेही बघू.

आधी एक गोष्ट पक्की करू. मुख्यमंत्री आपण थेट निवडत नाही. सरपंचाला आपण आता थेट मत देतो. पण विधानसभेला आपण मत देतो ते आपल्या आमदाराला. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार आहेत. त्यांतल्या निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान १४५ आमदारांचा पाठिंबा ज्याच्या मागे आहे, त्याला राज्यपाल मुख्यमंत्री म्हणून शपथ देतात. दिल्लीत तसंच. लोकसभेत ५४३ खासदार, बहुमताचा आकडा २७२. ते बहुमत ज्याच्याकडे, त्याला राष्ट्रपती पंतप्रधान नेमतात.

म्हणजे ही खुर्ची कोणाला पाच वर्षांसाठी लिहून दिलेली नसते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निवडून आला की चार वर्षं राहतो. त्याला मधेच काढायचं तर महाभियोग चालवावा लागतो, आणि ते फार अवघड. आपली पद्धत तशी नाही. आपल्या घटनेचं ७५ वं कलम सांगतं की केंद्राचं मंत्रिमंडळ सामूहिकपणे लोकसभेला जबाबदार राहील. १६४ वं कलम सांगतं की राज्याचं मंत्रिमंडळ सामूहिकपणे विधानसभेला जबाबदार राहील. या दोन ओळींवर सगळा कारभार उभा आहे. सभागृहाचा विश्वास आहे तोवर सरकार. विश्वास गेला की सरकार गेलं. मग पाचवं वर्ष असो नाहीतर तेरावा दिवस.

तेरावा दिवस आम्ही उगाच म्हटलं नाही. १९९६ साली अटलबिहारी वाजपेयी पहिल्यांदा पंतप्रधान झाले. लोकसभेत बहुमत जमलं नाही आणि १३ दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. १९९८ ला ते पुन्हा पंतप्रधान झाले. पुढच्या वर्षी एका मित्रपक्षाने पाठिंबा काढून घेतला. मग राष्ट्रपतींनी सांगितलं, लोकसभेत विश्वास सिद्ध करा. १७ एप्रिल १९९९ ला मतदान झालं. सरकारच्या बाजूने २६९ मतं आणि विरोधात २७०. एका मताने देशाचं सरकार पडलं. हातात पोलीस होते, लष्कर होतं, तिजोरी होती, पण पंतप्रधानांनी राष्ट्रपतींकडे जाऊन राजीनामा दिला. नंतर निवडणूक झाली आणि लोकांनी त्यांना परत निवडून दिलं, ती पुढची गोष्ट. पण त्या दिवशी एक मत कमी पडलं आणि खुर्ची सोडावी लागली.

ही पद्धत आपण बरीचशी इंग्लंडकडून घेतली. तिथेही १९७९ साली पंतप्रधान कॅलाहान यांचं सरकार असंच एका मताने पडलं होतं, ३११ विरुद्ध ३१०. त्यांच्या पक्षाचा एक खासदार फार आजारी होता, त्याला मतदानाला आणता आलं नाही. तेवढं एक मत कमी पडलं.

गटाच्या भाषेत सांगायचं तर अध्यक्षताईंची निवड दहा-बारा जणींनी केलेली असते. गटाचा विश्वास आहे तोवर त्या अध्यक्ष. त्या कितीही मोठ्या घरच्या असल्या, तरी गटातल्या जास्त जणी म्हणाल्या की आता दुसरी नेमू, की बदल होतो. मुख्यमंत्र्यांचंही मूळ तत्त्व हेच आहे.

आता तुम्ही म्हणाल, सरकारकडे मोठं बहुमत असेल तर अविश्वास ठराव आणून उपयोग काय? ठराव पडणारच. बरोबर आहे, बहुतेक वेळा पडतोच. पण ठराव पडला तरी एक काम होतं. सरकारच्या प्रमुखाला उभं राहून उत्तर द्यावं लागतं.

आपल्या लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव १९६३ च्या ऑगस्टमध्ये आला. पंतप्रधान होते पंडित नेहरू. आदल्या वर्षी चीनबरोबरच्या युद्धात आपला पराभव झाला होता. आचार्य कृपलानी यांनी ठराव मांडला. नेहरूंसारखा माणूस, स्वातंत्र्यलढ्यातला पुढारी, साऱ्या देशाचा लाडका. पण सभागृहात त्यांना टीका ऐकून घ्यावी लागली आणि उत्तर द्यावं लागलं. चार दिवस चर्चा चालली. मतदानात ठरावाच्या बाजूने ६२ आणि विरोधात ३४७ मतं पडली. सरकार टिकलं. पण 'तुम्ही कोण आम्हाला विचारणार' असं नेहरू म्हणू शकले नाहीत.

अलीकडचं उदाहरण घ्या. २०२३ साली मणिपूरमध्ये हिंसाचार झाला, बायांवर अत्याचार झाले, त्याची बातमी आपण सगळ्यांनी ऐकली होती. पंतप्रधानांनी यावर लोकसभेत बोलावं अशी विरोधी पक्षांची मागणी होती. त्यासाठी त्यांनी अविश्वास ठराव आणला. सरकारकडे बहुमत होतं, ठराव मंजूर होणार नाही हे आणणाऱ्यांनाही माहीत होतं. तीन दिवस चर्चा झाली. १० ऑगस्टला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सभागृहात उत्तर दिलं. ठराव आवाजी मतदानाने फेटाळला गेला. त्या उत्तराने कोणाचं समाधान झालं, कोणाचं नाही, ते ज्याने त्याने ठरवावं. आपल्याला ध्यानात ठेवायचं ते एवढंच, की ठराव आला की प्रमुखाला सभागृहात बोलणं चुकत नाही.

बहुमत कुठे मोजायचं, यावरही मोठा वाद होऊन गेला आहे. पूर्वी राज्यपाल आपल्या मनाने ठरवायचे की या मुख्यमंत्र्याकडे आता बहुमत नाही. कर्नाटकात १९८९ साली बोम्मई यांचं सरकार असंच बरखास्त झालं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९४ साली नऊ न्यायाधीशांनी निकाल दिला, की बहुमत राजभवनात ठरत नाही, ते सभागृहातच ठरतं. सगळ्यांसमोर.

आपल्या महाराष्ट्रात ते दोनदा पाहायला मिळालं. २३ नोव्हेंबर २०१९ ला सकाळी देवेंद्र फडणवीस यांचा मुख्यमंत्री म्हणून शपथविधी झाला. २६ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत सभागृहात बहुमत दाखवा, आणि मतदान उघड घ्या. त्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला. पुढे २०२२ साली मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या पक्षातले बरेच आमदार बाजूला झाले. राज्यपालांनी बहुमत सिद्ध करायला सांगितलं. त्याला न्यायालयाने स्थगिती दिली नाही, तेव्हा २९ जूनच्या रात्री ठाकरे यांनी राजीनामा दिला. एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले आणि ४ जुलैला त्यांनी विधानसभेत १६४ विरुद्ध ९९ मतांनी विश्वास मिळवला. या प्रकरणाचा निकाल २०२३ च्या मे महिन्यात आला. न्यायालय म्हणालं, राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली त्याला पुरेसा आधार नव्हता. पण ठाकरे यांनी सभागृहाला सामोरं न जाताच राजीनामा दिला, म्हणून त्यांना परत पदावर बसवता येणार नाही.

मैत्रिणींनो, पक्ष कुठला, चूक कोणाची, यात आम्ही जात नाही. तुमच्या घरात चार माणसांची चार मतं असतील. सगळ्या पक्षांना लागू पडते ती गोष्ट अशी, की हिशोब सभागृहात द्यायचा असतो. हॉटेलात नाही, बंगल्यावर नाही आणि टीव्हीच्या स्टुडिओतही नाही.

आता घटनेतला 'सामूहिकपणे' हा शब्द बघू. मंत्रिमंडळाने घेतलेला निर्णय सगळ्या मंत्र्यांचा असतो. बाहेर येऊन 'मी तेव्हा नाही म्हणत होतो' असं सांगायची सोय नाही. पटत नसेल तर बाहेर पडायचं. चिंतामणराव देशमुख देशाचे अर्थमंत्री होते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचं ठरत होतं, ते त्यांना मान्य नव्हतं. १९५६ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं आणि लोकसभेत उभं राहून का सोडलं ते सांगितलं. आपल्या जुन्या माणसांना हे अजून आठवतं.

त्याच १९५६ साली तमिळनाडूत अरियलूरला रेल्वेचा मोठा अपघात झाला. लालबहादूर शास्त्री रेल्वेमंत्री होते. गाडी ते चालवत नव्हते, पूल त्यांनी बांधला नव्हता. पण खातं माझं, म्हणून जबाबदारी माझी, असं मानून त्यांनी राजीनामा दिला. २००८ साली मुंबईवर अतिरेक्यांचा हल्ला झाला. त्यानंतर केंद्राचे गृहमंत्री शिवराज पाटील, राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख, तिघांनाही पद सोडावं लागलं.

सरकार पडणं, राजीनामा देणं हे काही रोज घडत नाही. मग रोजचं काय? तिकडे वळू, कारण आपलं काम खरं तिथेच आहे.

विधिमंडळाची वर्षाला साधारण तीन अधिवेशनं होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईला, हिवाळी नागपूरला. दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये, असं घटनाच सांगते. म्हणजे कोणत्याही मुख्यमंत्र्याला सहा महिन्यांच्या वर सभागृह टाळता येत नाही.

सभागृहात प्रश्नोत्तराचा तास असतो. आमदार आधी लेखी प्रश्न देतो. तारांकित प्रश्न असेल तर मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उलट उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं. एखादी तातडीची गोष्ट असेल, समजा आश्रमशाळेत मुलींना विषबाधा झाली, तर आमदार 'लक्षवेधी' देतो. म्हणजे मंत्र्याचं लक्ष वेधून त्याच्याकडून निवेदन मागतो. बातम्यांत 'लक्षवेधी लागली' असं ऐकता ना, ती हीच.

मंत्री उत्तरात म्हणाले, 'तीन महिन्यांत चौकशी करू,' तर ते हवेत सोडलेलं वाक्य नसतं. त्याची नोंद होते. त्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. दिलेला शब्द पाळला का, हे ती तपासते. आपल्या गटाच्या इतिवृत्तात मागच्या बैठकीतला ठराव वाचून 'काम झालं का' असं विचारतो ना, तसंच.

अशा आणखी समित्या आहेत. पंचायत राज समिती तर तुम्हाला ठाऊकच असेल. 'पीआरसी येणार' म्हटलं की जिल्हा परिषदेत रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात, फायली सापडायला लागतात, अंगणवाड्यांना रंग लागतो. ती समिती आमदारांची असते. रोजगार हमी योजनेची समिती आहे, ती कामं बघायला जिल्ह्यात फिरते. महिला आणि बालकांच्या हक्कांसाठी समिती आहे. विनंती अर्ज समिती आहे, तिच्यापुढे साध्या नागरिकांचा अर्जसुद्धा आमदारामार्फत जाऊ शकतो.

आता पैशाचं बघू. पैसा आपल्या बायांना लवकर कळतो. गटाच्या खात्यातून पैसे काढायचे तर आधी ठराव लागतो, मग सह्या लागतात. अध्यक्षताई एकट्या बँकेत जाऊन पैसे काढू शकत नाहीत. राज्याचंही तसंच आहे. विधानसभेच्या मंजुरीशिवाय सरकारला तिजोरीतून एक रुपया खर्च करता येत नाही. दरवर्षी मार्चच्या सुमारास अर्थसंकल्प मांडतात तो यासाठी. वर्षाच्या मधे जास्त पैसा लागला तर पुरवणी मागण्या घेऊन परत सभागृहापुढे यावं लागतं.

एखाद्या खात्याचं धोरणच पटत नसेल तर सदस्य कपात सूचना देतो. लोकसभेत तर अशी रीत आहे की सदस्य म्हणतो, या खात्याची मागणी कमी करून एक रुपया करावी. करोडोंच्या मागणीला एक रुपया! अर्थ असा, की तुमच्या धोरणाला आमचा पाठिंबा नाही. अशी सूचना खरंच मंजूर झाली तर सभागृहाचा विश्वास गेला असं समजतात.

खर्च झाल्यावर 'कॅग', म्हणजे देशाचे महालेखापरीक्षक, हिशोब तपासतात. त्यांचा अहवाल सभागृहापुढे येतो. मग लोकलेखा समिती अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारते, हा पैसा कुठे गेला? मंत्री त्या समितीत बसू शकत नाहीत. लोकसभेत १९६७ पासून या समितीचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे द्यायची प्रथा आहे. ज्याने खर्च केला त्यानेच तपासायचं नाही, हे आपल्या गटालाही लागू आहे.

हे सगळं लाडक्या बहिणीच्या पैशालाही लागू आहे. २०२४ साली ही योजना सुरू झाली, पात्र बायांच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये येऊ लागले. बऱ्याच बाया म्हणतात, भावाने ओवाळणी घातली. आपुलकीने म्हणतात, म्हणोत. पण ओवाळणी भाऊ आपल्या खिशातून घालतो. हे पैसे राज्याच्या तिजोरीतले आहेत. तेलाच्या पिशवीवर, साबणावर, मोबाइलच्या रिचार्जवर आपण जो कर भरतो, त्याचेही आहेत. ते देण्याला सभागृहाची मंजुरी लागते. म्हणून कोणाचं नाव का कमी झालं, हप्ता का थांबला, वाढवून देऊ म्हटलं होतं त्याचं काय झालं, हे विचारणं म्हणजे बेइमानी नाही. ओवाळणीचा हिशोब कोणी मागत नाही, पण जनतेच्या पैशाचा हिशोब मागायचाच असतो. उद्या सरकार दुसऱ्या पक्षाचं आलं तरी हेच खरं राहील.

तर व्यवस्था अशी आहे. पण ती नेहमी नीट चालते, असं आम्ही सांगणार नाही. तिच्यात कमकुवत जागा आहेत आणि त्याही आपल्याला माहीत हव्यात.

पहिली जागा पक्षादेशाची, ज्याला व्हीप म्हणतात. आमदार इकडून तिकडे उड्या मारायचे, म्हणून १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा आला. हेतू चांगला होता. पण आता पक्षाने सांगितलं तसंच मत द्यावं लागतं, नाहीतर आमदारकी जाऊ शकते. त्यामुळे सत्ताधारी पक्षातला आमदार आपल्याच मुख्यमंत्र्याविरुद्ध मत देईल, अशी आशा फार ठेवता येत नाही. प्रश्न मात्र तो विचारू शकतो. प्रश्न विचारल्याने आमदारकी जात नाही.

दुसरी जागा पैशाची. १९९३ साली नरसिंह राव यांचं सरकार अविश्वास ठरावातून १४ मतांनी वाचलं. काही खासदारांनी मतासाठी पैसे घेतल्याचा आरोप झाला, खटला झाला. १९९८ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सभागृहातल्या मतासाठी लाच घेऊन ज्यांनी मत दिलं, त्या खासदारांवर खटला चालवता येत नाही, त्यांना घटनेचं संरक्षण आहे. हा निकाल २६ वर्षं राहिला. २०२४ च्या मार्चमध्ये सात न्यायाधीशांनी तो बदलला. आता मतासाठी किंवा भाषणासाठी लाच घेणाऱ्या आमदार-खासदाराला संरक्षण नाही.

तिसरी जागा गोंधळाची. सभागृहात आरडाओरडा झाला, कामकाज बंद पडलं, की प्रश्नोत्तराचा तास वाया जातो. त्याचा फायदा कोणाला? ज्याला उत्तर द्यायचं होतं, त्याला. म्हणून आपला आमदार किती जोरात ओरडला हे बघू नका. त्याने काय विचारलं आणि काय उत्तर आणलं, ते बघा.

बाई सभागृहात काय करू शकते, हे बघायचं तर मृणालताई गोरे आठवा. मुंबईत पाण्यासाठी लढल्या म्हणून लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणायचे. १९७२ च्या दुष्काळात महागाई आभाळाला भिडली, तेव्हा मृणालताई, अहिल्याताई रांगणेकर अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बाया एकत्र आल्या. थाळ्या-लाटणी घेऊन हजारो बायांचे मोर्चे निघाले. त्याच वर्षी मृणालताई विधानसभेत निवडून गेल्या होत्या. म्हणजे रस्त्यावर लाटणं आणि सभागृहात प्रश्न, दोन्ही एकाच वेळी. नुसता मोर्चा काढला तर मंत्री निवेदन घेऊन मोकळे होतात. सभागृहात प्रश्न आला की उत्तर छापून येतं, आणि ते खोटं असलं तर मंत्री अडचणीत येतो.

आपल्या महाराष्ट्रात ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायांना आहेत. विधानसभा-लोकसभेत एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती २०२३ साली झाली, पण ती जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर अमलात यायची आहे. तोपर्यंत सभागृहात आपल्या बाया थोड्या. म्हणून बाहेरच्या बायांनी प्रश्न तयार करून आत पाठवायला हवेत. ते कसं करायचं, आता सांगतो. वही-पेन जवळ असेल तर लिहून घ्या.

पहिलं, प्रश्न नेमका करा. 'आमच्या गावात पाणी नाही' ही तक्रार झाली, प्रश्न नाही. प्रश्न असा लिहा: आमच्या तालुक्यात जलजीवन मिशनच्या किती योजना मंजूर झाल्या, किती पुऱ्या झाल्या, ठेकेदारांना किती रक्कम दिली, आमच्या गावची योजना कोणत्या तारखेला पुरी होणार, आणि उशिराला जबाबदार कोण? याला आकडा द्यावा लागतो. आकडा दिला की मोजता येतो.

दुसरं, पुरावा जोडा. ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल, अर्जाची पोच, माहितीच्या अधिकारात मिळालेला कागद, तारीख घातलेला फोटो. आमदाराच्या हातात कागद असला की मंत्र्याला 'तपासून सांगतो' म्हणून सुटता येत नाही.

तिसरं, वेळ सांभाळा. प्रश्न अधिवेशनाच्या बराच आधी द्यावे लागतात. अधिवेशन सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. पावसाळी अधिवेशनाचा प्रश्न उन्हाळ्यातच तयार ठेवा.

चौथं, आपला आमदार मंत्री असेल तर तो प्रश्न विचारू शकत नाही, कारण उत्तर त्यालाच द्यायचं असतं. तेव्हा दुसऱ्या मतदारसंघातल्या आमदाराकडे जा, विधान परिषदेच्या सदस्याकडे जा. पक्ष बघू नका. पत्राची पोच मात्र घ्या.

पाचवं, उत्तर आलं की ते ग्रामसंघाच्या बैठकीत मोठ्याने वाचा आणि ग्रामसभेत ठेवा. मंत्र्यांनी सभागृहात 'काम पूर्ण झालं' असं सांगितलं आणि नळाला पाणी नसेल, तर लगेच आमदाराला लिहून कळवा. सभागृहाला चुकीची माहिती देणं ही साधी गोष्ट नसते. त्यावरून हक्कभंगाची सूचनासुद्धा येऊ शकते.

आणि एक प्रश्न निवडणुकीच्या वेळेसाठी राखून ठेवा. मत मागायला आलेल्या आमदाराला आपण विचारतो, रस्ता केला का, सभामंडप बांधला का. ते विचाराच. पण त्याबरोबर हेही विचारा: पाच वर्षांत तुम्ही सभागृहात आमच्या भागाचे किती प्रश्न विचारले? सरकारच्या विरुद्ध किंवा बाजूने मत दिलंत, ते का दिलंत? रस्ता ठेकेदारही करतो. मुख्यमंत्र्यांना सभागृहात उभं करून प्रश्न विचारायचा अधिकार मात्र ठेकेदाराला नाही, तहसीलदाराला नाही, कलेक्टरला नाही. तो आमदाराला आहे, आणि आपण मत देतो म्हणून आहे.

तर मुख्यमंत्र्यांच्या वर कोण, याचं उत्तर असं: त्यांच्या वर सभागृह आहे, सभागृहात आपला आमदार आहे, आणि आमदाराच्या मागे आपण आहोत. ही साखळी आहे. तिची आपल्याकडची कडी आपण धरून ठेवली, तर वरची कडी हलते. आपण सोडून दिली, तर वरचे लोक एकमेकांचेच हात धरून उभे राहतात.

येत्या बैठकीत बचत आणि कर्जाचं काम आटोपलं की दहा मिनिटं काढा. आपल्या गावाचा एकच प्रश्न ठरवा, वर सांगितलं तसा लिहा आणि त्यावर गटातल्या सगळ्या जणींच्या सह्या घ्या. जिला सही येत नाही तिचा अंगठाही चालतो. सगळ्या गटांचे प्रश्न एकत्र करून ग्रामसंघाच्या लेटरहेडवर पाठवा, आणि एक प्रत आपल्या रेडिओ केंद्रावर आणून द्या. कोणत्या प्रश्नाला उत्तर आलं आणि कोणत्याला नाही, ते आम्ही याच कार्यक्रमात वाचून दाखवू.